टर्बोकाका

गाडी घेतली की आपल्याकडे पेढ्याच्या आधी प्रश्न येतो: किती देते? या प्रश्नाला जो माणूस अभिमानाने "एकशे पंचेचाळीस" असं उत्तर देतो, तो टर्बोकाका. विचारणाऱ्याला लिटरमागचे किलोमीटर हवे असतात, हे हॉर्सपॉवर सांगून मोकळे होतात. लिफ्ट वर जाईपर्यंत तो बिचारा मनातल्या मनात पेट्रोलच्या भावाशी भागाकार करत राहतो.

ही जात डोंबिवलीत सापडते, नाशिकला सापडते, पण पुण्यात तिची पैदास जरा जास्त. वय पंचेचाळीसच्या आसपास, नोकरी बरी, डोक्यावरचे केस आणि डोक्यावरचं कर्ज दोन्ही उतरणीला, मुलगी दहावीत. कॉलेजात असताना, 2001 साली, फियाटची पॅलिओ आली. जाहिरातीत साक्षात सचिन, आणि त्यातली 1.6 लिटरची जीटीएक्स म्हणजे शंभर घोडे. काकांच्या बुडाखाली तेव्हा वडिलांची स्कूटर होती, तीही पहिल्या किकला सुरू न होणारी. पुढे नोकरी, लग्न, फ्लॅट आणि दोन वॅगन-आर असा राजमार्ग त्यांनी मुकाट्याने धरला. पण रस्त्यात कुठे जुनी जीटीएक्स दिसली की बोलता बोलता मध्येच थांबायचे. समोरच्याला वाटायचं, ॲसिडिटी.

आमच्या बिल्डिंगमधल्या टर्बोकाकांचं खरं नाव मेन्टेनन्सच्या पावतीवर आहे. बाकी कुठे ते चालत नाही. हे नाव खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी ठेवलं. कारण काका गाडी लावल्यावर इंजिन लगेच बंद करत नाहीत. टर्बो तापलेला असतो, त्याला थंड व्हायला वेळ द्यावा लागतो, म्हणून पार्किंगमध्ये ते गाडी चालू ठेवून स्वस्थ बसून राहतात. खरं म्हणजे वनाजवरून पंधराच्या वेगाने घरी येताना टर्बो तापण्यासारखं काही घडलेलं नसतं. तापलेले असतात ते काका. पण हा विषय मी त्यांच्यापुढे काढत नाही.

नवी गाडी घेण्यात त्यांना रस नव्हता. "शोरूममध्ये जाऊन पैसे टाकले की कुणालाही मिळते. गाडी शोधावी लागते." हा शोध चांगला दीड पावसाळा चालला. एक्सेलचं शीट तयार झालं. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय: 1.2 लिटर, 105 घोडे, सात गिअरांचा ऑटोमॅटिक डबा. फोर्डची फिएस्टा 1.6 एस: स्टिअरिंग लोण्यासारखं, पण फोर्डने 2021 साली इथलं उत्पादन आवरतं घेतलं. बलेनो आरएस: सर्व्हिस सेंटर गल्लोगल्ली, पण "बघणाऱ्याला ती साधीच बलेनो वाटते हो". जुनी ऑक्टाव्हिया आरएस: मन तिथेच, पाकीट तिथे नाही. होंडा सिटी व्हीटेक: ती मिळते, पण जिच्यावर आधीच्या मालकाने हात चालवलेला नाही अशी मिळत नाही.

शीटमध्ये काकूंसाठी एक रकाना होता: 'आई मागे बसू शकेल का'. सगळ्या गाड्यांपुढे तिथे 'हो' लिहिलेलं होतं. आईंना विचारून लिहिलं नव्हतं.

घरात मांडायचा मुद्दा मात्र त्यांनी नीट घासूनपुसून ठेवला होता. ही काही शौकाची गाडी नव्हे, रोजच्या वापराची गाडी. चारही चाकांना डिस्क ब्रेक, म्हणजे सुरक्षित. पिकअप जोरदार, म्हणजे ओव्हरटेक पटकन होतो, म्हणजे तेही सुरक्षित. जुनी, म्हणजे घसारा पहिल्या मालकाने सोसलेला. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. काकू बँकेत आहेत, कर्ज मागणाऱ्यांची भाषणं ऐकायची त्यांना सवय आहे. म्हणाल्या, "अरे, आपला रोजचा वापर म्हणजे वनाज ते डेक्कन. त्यात ओव्हरटेक कुणाला करणार? पीएमपीच्या बसला? ती थांब्यावर थांबते तिथे रिक्षा आडवी असते." पण परवानगी दिली. इतकी वर्षं हा माणूस वॅगन-आरच्या खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्यांकडे बघत आला होता, हे त्या शेजारच्या सीटवरून पाहतच होत्या.

मग गाड्या बघायचे दिवस आले. एक-दोनदा मीही सोबत गेलो. टर्बोकाका सकाळी सातला पोचणार आणि आदल्या रात्रीच बजावून ठेवणार: आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर नमस्काराच्या आधी हात बॉनेटवर. कोमट लागलं की तिथूनच परत. मालक काहीतरी लपवतोय. गार असलं तर पुढचा विधी. दाराचं रबर ओढून आतले स्पॉट वेल्डचे ठिपके बघायचे. टायरच्या कुशीवरचा चार आकडी शिक्का वाचायचा: 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. "मीटरवर बावीस हजार आणि चारही टायर बदललेले? चालत गेलो तरी एवढे झिजत नाहीत." सीटबेल्ट पार शेवटपर्यंत बाहेर खेचायचा आणि टोकाशी चिखलाची रेघ आहे का ते बघायचं. कोल्हापूर-सांगलीच्या 2019 च्या पुरानंतर ही पट्टी ओढायची सवय भल्याभल्यांना लागली. गाडी धुता येते, बेल्टचं गुंडाळलेलं टोक कुणी धुवत नाही. मग इंजिन चालू करून ऑइलचं झाकण उघडायचं, धूर फुसफुसतो का पाहायचं. शेवटी खिशातून स्कॅनर काढून स्टिअरिंगखाली खुपसायचा आणि मोबाइलकडे गंभीरपणे बघत उभं राहायचं. यातलं त्यांना किती कळतं ते मला माहीत नाही, पण विकणाऱ्याच्या कपाळावर घाम मी स्वतः पाहिला आहे.

'डॉक्टरांची गाडी' या शब्दांवर त्यांचा मुळीच विश्वास नाही. महाराष्ट्रात जितक्या जुन्या गाड्या डॉक्टरांच्या म्हणून विकल्या गेल्या तितके डॉक्टर असते, तर एका सर्दीसाठी दोन तास बसावं लागलं नसतं, असं त्यांचं मत आहे. मलाही ते पटतं.

अखेर पिंपरीत, एमएच-14 पासिंगची, पांढरी आणि अंगावर लाल पट्टे असलेली अबार्थ पुंटो मिळाली. फियाटची ही धाकटी पण तापट लेक 2015 च्या ऑक्टोबरात आपल्याकडे आली. 1.4 लिटरचं टर्बो इंजिन, 145 घोडे, 212 न्यूटन-मीटर. विकणारा तिशीतला मुलगा होता. बाळ झालं होतं, मोठ्या डिकीची गाडी घ्यायची होती. इथे मामला उलटला. त्यानेच काकांची चौकशी सुरू केली. पेट्रोल कुठलं भरणार? ऑइल किती किलोमीटरला बदलता? थंड इंजिनवर रेस करत नाही ना? काकांनी ही तोंडी परीक्षा हात जोडून दिली. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करताना त्या मुलाचा आवाज जड झाला. त्याची बायको मात्र दारातून प्रसन्न चेहऱ्याने चहा घेऊन आली.

गाडी घरी आली तेव्हा आईंनी ओवाळायला ताट आणलं आणि पुढच्या बिल्ल्यावर विंचू पाहून हात मागे घेतला. काकांनी सांगितलं की ही कंपनी 1949 मध्ये काढणाऱ्या कार्लो अबार्थची रास वृश्चिक होती, म्हणून विंचू. आई म्हणाल्या, "लोक विंचू दिसला की चप्पल उचलतात, आमच्या याने कर्ज उचललं." पण कुंकू लावलं. विंचवाच्या नांगीवर लावलं.

रांजणगाव म्हणजे तुम्हाआम्हाला महागणपती. काकांना रांजणगाव म्हणजे एमआयडीसीतला फियाटचा कारखाना; पुंटो तिथलीच. अष्टविनायकांच्या निमित्ताने ते सहकुटुंब गेले. दर्शन घेतलं आणि परतताना गाडी कारखान्याच्या रस्त्याला वळवून फाटकासमोर उभी केली. लेक माहेरी आल्यासारखा चेहरा. वॉचमनने हटकलं तेव्हा म्हणाले, "काही नाही, हिला दाखवायला आणली." वॉचमनने काकूंकडे पाहिलं. काकू खिडकीची काच वर करत होत्या.

रोजचा वापर सुरू झाला आणि टर्बोकाकांना शत्रू सापडला: गतिरोधक. गाडी साध्या पुंटोपेक्षा जमिनीला लागून. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितला आहे, हे त्यांना आता तोंडपाठ आहे. आमच्या गेटसमोरचा गतिरोधक कंत्राटदाराने उरलेलं डांबर संपवण्यासाठी केला असावा. काकांनी भर दुपारी टेप लावून तो मोजला, फोटो काढले आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत, पाण्याच्या टँकरचा विषय चालू असताना, मांडले. टाळ्या फक्त मुलांनी वाजवल्या. तेव्हापासून मागे माणसं बसली असतील तर गेटपाशी गाडी थांबते, "उतरा जरा" असं अदबीने सांगितलं जातं, आई, मावशी आणि मटारची पिशवी पायी पलीकडे जातात, आणि काका गाडी तिरपी घालून एकेक चाक उतरवतात. तरीही महिन्याकाठी एकदा 'खर्र' होतंच. रस्त्यावरचं चेंबर वर आलेलं आणि गाडीचं चेंबर खाली आलेलं, अशी दोघांची गाठ पडते.

फियाटने इथे गाड्या विकणं केव्हाच थांबवलं, त्यामुळे स्पेअर पार्टसाठी नाना पेठेची वारी ठरलेली. तिथे मिळालं नाही तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. जवळपास तेच इंजिन लिनिया टी-जेटमध्येही होतं, हे काकांच्या तोंडून येता-जाता ऐकू येतं. कुठे लिनिया ठोकली गेल्याचं कळलं की ते आधी मनापासून हळहळतात आणि मग हळूच विचारतात, "पुढून की मागून?"

एवढं सगळं कशासाठी, तर रविवारच्या पहाटेसाठी. साडेपाचला गाडी पिरंगुट-पौडवरून मुळशीकडे निघते. आदल्या रात्री मला बोलावणं आलं तेव्हा मी गेलो. धरण मागे पडून ताम्हिणीचा चढ लागला, रस्ता मोकळा मिळाला, काकांनी तिसरा गिअर टाकला आणि आमच्या सोसायटीत टँकरच्या पावत्या जपून ठेवणारा तो माणूस एकदम वेगळाच दिसायला लागला. बडबड बंद. दोन्ही हात स्टिअरिंगवर. एक वळण, लगेच उलटं दुसरं, मध्ये टर्बोची बारीक शिटी आणि पाठीला सीटचा सौम्य धक्का. मी खोटं बोलणार नाही, मजा आली. जेमतेम पाच-सहा वळणं झाली असतील, तोवर पुढे खडीचा डंपर आला आणि निवेला पोचेपर्यंत तो पुढेच राहिला. काका तक्रार करत नाहीत. तेवढ्या वळणांवर त्यांचा आठवडा निघतो.

परतीला मिसळ. तर्री जास्त, पाव जास्त. याच कार्लो अबार्थने 1965 साली विक्रमाच्या गाडीत अंग मावावं म्हणून सफरचंदं खाऊन तीस किलो वजन उतरवल्याची गोष्ट सांगतात. काकांनी मला ती दुसरा पाव मोडताना सांगितली.

या सगळ्यात एक गोष्ट त्यांच्या शीटमध्ये नव्हती. एका सोमवारी काकूंची स्कूटर पंक्चर झाली आणि त्या अबार्थ घेऊन बँकेत गेल्या. संध्याकाळी आल्या, गाडी एका झटक्यात दोन खांबांच्या मध्ये लावली, इंजिन बंद केलं. "अरे, टर्बो!" काका धावले. काकू म्हणाल्या, "एवढी छान पळते, सांगितलं नाहीस कधी! दुसऱ्यात जरा ओढली की वरच्या पुलावर मस्त जाते." मंगळवारी स्कूटर दुरुस्त झाली होती, तरी किल्ली काकूंच्याच पर्समध्ये होती. बुधवारीही. काकांनी हरकत घेऊन पाहिली, पण रोजच्या वापराचे सगळे मुद्दे त्यांनीच लिहून दिलेले होते आणि काकूंनी ते शीट जपून ठेवलं होतं. गतिरोधक काकू सरळ ओलांडतात. खाली लागत नाही. का लागत नाही, यावर काकांचं संशोधन चालू आहे. स्वतःच्या वजनाचा मुद्दा त्यांनी अजून विचारात घेतलेला नाही.

रविवार काकांकडे राहिला. बाकीचे दिवस ते वनाजहून मेट्रोने ऑफिसला जातात. परवा भेटले तेव्हा हातातला बार घट्ट धरून, पाय थोडे फाकवून उभे होते. गाडी सुटली तसे माझ्या कानाशी वाकले. "बघितलंत? इलेक्ट्रिक मोटर. टॉर्क शून्यापासून, लॅग म्हणून नाही!" शेजारच्या आजोबांनी कुतूहलाने मान वळवली आणि विचारलं, "किती देते?"