आवाज येतोय का?

व्हिडिओ मिटिंग म्हणजे एकाच कंपनीच्या माणसांनी निरनिराळ्या गावांतल्या ऑफिसांत बसून एकमेकांना ‘आवाज येतोय का?’ असे विचारणे. उत्तर मिळून वेळ उरलाच, तर कामाचेही बोलले जाते.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ मांडला आणि 1970 मध्ये पिट्सबर्गमध्ये त्याची सेवा सुरू केली. गिऱ्हाइके फारशी फिरकली नाहीत. सेवा महाग होती. शिवाय फोनवर बोलताना आपण दिसावे, अशी हौस थोड्यांनाच होती. पुढे 2003 मध्ये स्काइप, 2011 मध्ये झूम कंपनी आणि 2017 मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्स आले. 2020 च्या टाळेबंदीत हौशीचा प्रश्नच उरला नाही. ज्यांच्या मेलला फाइल आजवर दुसऱ्याने जोडून दिली, असे वरिष्ठही पडद्यावर आले आणि म्यूटवर राहून मार्गदर्शन करू लागले.

या सॉफ्टवेअरचा एक मूलभूत दोष असा, की त्याला हुद्दा कळत नाही. जनरल मॅनेजर आणि कालच रुजू झालेला ट्रेनी यांना ते सारख्याच मापाचा चौकोन देते. ऑफिसला मात्र हुद्दा कळतो. म्हणून ट्रेनी म्यूटवर बोलला तर सहा जण एकदम ओरडतात. साहेब म्यूटवर बोलत असतील तर सगळे माना डोलावतात. अखेर ‘सर, बहुतेक आमच्याच बाजूला प्रॉब्लेम आहे’ असे म्हणून कोणीतरी विषयाला हात घालतो.

आवाजाचा दुसरा विकार म्हणजे शिट्टी. पुण्याच्या हेड ऑफिसात एकाच कॉन्फरन्स रूममध्ये दोघे आपापल्या लॅपटॉपवरून जॉईन होतात, तेव्हा तो जडतो. प्रत्येक लॅपटॉप स्वतःच्या स्पीकरमधून काय बाहेर पडले हे जाणतो आणि तेवढा आवाज माइकमधून वजा करतो. शेजारच्या लॅपटॉपचा आवाज त्याच्या हिशेबात नसतो. तो माइकमध्ये शिरतो, नेटवरून फिरून पुन्हा स्पीकरमधून येतो आणि दर फेरीला वाढत जातो. उपाय सोपा आहे: एकाच लॅपटॉपचा माइक आणि स्पीकर चालू ठेवायचा, बाकीच्यांचे बंद. कोणी बंद करायचे, हे न ठरल्याने दोघेही बंद करतात आणि नागपूर शाखेला शांतता ऐकू येते.

चित्राची गोष्ट वेगळी. सॉफ्टवेअर दर वेळी अख्खे चित्र पाठवत नाही. आधीच्या चित्रापेक्षा जेवढे बदलले तेवढेच मुख्यतः पाठवते. त्यामुळे न हलणारा माणूस नेटला स्वस्त पडतो आणि त्याच्या मागचा फिरता पंखा महाग. नेट खचले की चेहरा आहे तिथे थिजतो, बहुधा एक डोळा अर्धा मिटलेला असताना. मात्र थिजण्याचे निदान जपून करावे लागते. अकाउंट्सचे काही ज्येष्ठ सहकारी नेट उत्तम असतानाही तसेच बसतात.

आवाज पोचायला वेळही लागतो. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला शक्यतो 150 मिलिसेकंदांच्या आत पोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. उशीर फार वाढला की दोघे एकदम बोलू लागतात, एकदम थांबतात, आणि ‘तुम्ही बोला’, ‘नाही नाही, तुम्ही बोला’ सुरू होते. दोघांपैकी एक साहेब असेल तर ही अडचण येत नाही. नेट कसेही असले तरी दुसरा आपोआप थांबतो.

चाकणच्या कारखान्यातून येणारा चौकोन निराळाच. टेबलाच्या टोकाला ठेवलेल्या एका लॅपटॉपसमोर आठ जण बसतात. पुढच्या दोघांचे चेहरे दिसतात, मागच्यांचे खांदे, आणि बोलतो नेमका तो, ज्याचा फक्त कोपर दिसतो. त्यातच शॉप फ्लोअरवरचा भोंगा होतो, आणि ज्या तारखेला माल निघणार ती तेवढीच ऐकू येत नाही. ती चॅटमध्ये लिहावी असे ठरते. मग स्क्रीन शेअर होते. एक्सेलची शीट उघडण्याआधी क्षणभर शेअर करणाऱ्याचे व्हॉट्सॲप दिसते. ते सर्वांनी वाचलेले असते आणि कोणीही पाहिलेले नसते.

राहिला मिटिंग संपवण्याचा विधी. इथे सॉफ्टवेअर समता सोडून एकालाच विशेष अधिकार देते: होस्टला. होस्ट कोणालाही गप्प करू शकतो, बाहेर काढू शकतो, एका बटणाने सर्वांची मिटिंग संपवू शकतो. होस्ट म्हणजे ज्याने लिंक बनवली तो. आणि लिंक बनवण्याचे काम नेहमी ट्रेनीकडे असते. म्हणजे सारी सत्ता एकवटते ती नेमकी ती वापरण्याची ज्याची छाती होणार नाही त्याच्याकडे. म्हणून साहेबांचे ‘शेवटचा एकच मुद्दा’ चौथ्यांदा सुरू होते, बटणावर बोट ठेवून ट्रेनी ऐकत राहतो, आणि मिटिंग जेवणाची सुट्टी होईपर्यंत चालते.