सगळ्यावर चालतं, साहेब

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 ला कंपनीने निरोप दिला आणि आमच्या सोसायटीत माझा भाव एकदम वधारला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाचा सुरक्षेचा भाग लागतो, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. त्यामुळे घरोघरचे धडधाकट लॅपटॉप एका रात्रीत म्हातारे ठरले. "काका, तुम्ही ते लिनक्सवाले ना?" अशी विचारणा जिन्यात होऊ लागली. मी पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊन जातो, चहा येतो, चहाबरोबर चिवडा येतो, आणि बशी रिकामी होईपर्यंत काम झालेलं असतं. पडदा उजळतो, आवाज येतो, मराठी जोडाक्षरं जिथल्या तिथे दिसतात. घरात आनंदीआनंद. मग एवढा वेळ सोफ्यावर गप्प बसलेला माणूस विचारतो, "वायफाय कुठंय?"

वायफाय नसतं. कधी आतलं कार्डच अशा जातीचं असतं की लिनक्सशी त्याचं बोलणं नाही, कधी ते वयोमानाने गेलेलं असतं. उपाय सोपा वाटतो: नखाएवढा यूएसबी अडॅप्टर आणायचा, खोचायचा, झालं. विंडोजवर खरंच एवढंच असतं. लिनक्सवर मात्र इथून पुढे माणसाचं शिक्षण सुरू होतं.

पहिला धडा असा की खोक्यावर जे नाव असतं त्याला काडीची किंमत नाही. आतली चिप कुणाची, यावर सगळं अवलंबून. रिअलटेकची की मीडियाटेकची की जुन्या अथेरॉसची, एवढंच लिनक्सला कळतं. आणि नेमकं तेवढंच खोक्यावर छापलेलं नसतं. त्यातही कहर म्हणजे नाव तेच ठेवून आतली चिप बदलायची पद्धत. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन 722 एन हे लिनक्सवाल्यांच्या जगातलं गाजलेलं उदाहरण. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर 9271 चिप होती, खोचली की चालू. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. नाव तेच, आणि वरची अँटेनासुद्धा तशीच. खाणावळीची पाटी तीच राहावी आणि आचारी बदलावा, तसं. आवृत्तीचा आकडा असतो, नाही असं नाही. तो बारकोडाजवळ मुंगीच्या अक्षरात असतो. ऑनलाइन मागवाल तर फोटोत खोक्याची दर्शनी बाजू दिसते, आणि जे नशिबात असेल ते घरी येतं.

म्हणून मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जातो. महापालिकेच्या पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर दुकानदार आधी तुमच्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतील. तिथे काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "लिनक्सवर चालेल का?" की उत्तर ठरलेलं: "सगळ्यावर चालतं, साहेब." "आत चिप कुठली आहे?" "चांगली आहे." मी खोकं उलटं करतो. मागे विंडोजच्या पिढ्यान् पिढ्या लिहिलेल्या असतात आणि शेवटी, चुकूनमाकून, लिनक्स कर्नल 2.6. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि हे 2003 सालात आलेलं. तेव्हा हा मुलगा बहुधा बालवाडीत असेल.

आता मी सरळ माझा लॅपटॉप काउंटरवर उघडतो, अडॅप्टर खोचू देण्याची विनंती करतो आणि एलएसयूएसबी हा हुकूम सोडतो. पडद्यावर दोन भागांचा एक क्रमांक उमटतो. सुरुवात शून्य-बी-डी-ए अशी असेल तर कुळ रिअलटेकचं. शून्य-सी-एफ-तीन आणि पुढे 9271 असेल तर दुकानदाराला संशय येणार नाही अशा बेताने आनंद आवरायचा, नाहीतर भाव वाढतो.

एकदा मात्र गंमत झाली. अडॅप्टर खोचला आणि पडद्यावर सीडी ड्राइव्ह अवतरला. हा चमत्कार त्या मुलानेही पाहिला नव्हता. काही अडॅप्टर पहिल्यांदा आपण सीडी असल्याची बतावणी करतात. पोटात विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो. विंडोज ती 'सीडी' वाचतं, ड्रायव्हर घेतं आणि मग हे महाशय खऱ्या रूपात येतात. लिनक्सला त्या ड्रायव्हरचं काही सोयरसुतक नाही, त्यामुळे तिथे सोंग उतरतच नाही. मग यूएसबी-मोडस्विच नावाच्या प्रोग्रॅमने त्याला बजावावं लागतं, किंवा साधं 'इजेक्ट' म्हटलं तरी भागतं. नसलेली सीडी बाहेर काढायला सांगायचं, की आतून वायफाय बाहेर येतं! मुलगा म्हणाला, "परत लावा ना, मालकांना दाखवतो."

दुसरी अडचण सनातन आहे. ड्रायव्हर उतरवून घ्यायला नेट लागतं आणि नेट यायला ड्रायव्हर लागतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. यावरचा तोडगा आपल्या खिशातच असतो: मोबाइल चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला जोडायचा आणि यूएसबी टेथरिंग चालू करायचं. ते लिनक्सला बहुधा न शिकवता येतं. वायर फक्त चार्जिंगपुरती नसावी, एवढं बघायचं.

बरं, कंपन्या ड्रायव्हर देतच नाहीत असंही नाही. देतात, पण एखाद्या विशिष्ट कर्नलपुरता बेतून. लिनक्सचं कर्नल आतून सतत बदलतं, आणि हे बदल त्यात सामावलेल्या ड्रायव्हरांना सांभाळून केले जातात. जो आतला सांधा बदलतो, त्यानेच सगळ्यांची दुरुस्ती करायची असा तिथला रिवाज. बाहेरच्या ड्रायव्हरकडे कोण बघणार? महिन्या-दोन महिन्यांनी कर्नल नवं येतं, सकाळी लॅपटॉप उघडावा तर वायफाय गायब, ये रे माझ्या मागल्या. डीकेएमएस नावाची सोय दर वेळी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधून देते, पण नव्या कर्नलशी त्याचं जमलंच नाही तर तीही हात टेकते.

मग कर्नलच्या आतले ड्रायव्हर लिहिले कोणी? इथे मला खरा अचंबा वाटतो. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांची माहिती कंपनी देईना, तेव्हा काही हौशी मंडळींनी दोन तट पाडले. एका तटाने कंपनीचा बंद ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचं टिपण करायचं. दुसऱ्याने तो ड्रायव्हर डोळ्यांनी न पाहता, केवळ टिपणावरून नवा लिहायचा, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप नको. यातून बी 43 हा ड्रायव्हर उभा राहिला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो 2010 मध्ये आणि नव्या चिपांसाठी. बी 43 च्या मंडळींतलेच एक लॅरी फिंगर. पुढे कितीतरी वर्षं रिअलटेकचे ड्रायव्हर ते नीट करत राहिले आणि अडलेल्या माणसाला धीराने उत्तरं देत राहिले. जून 2024 मध्ये ते वारले. ज्यांची चिप त्यांच्यामुळे चालते आहे, त्यांतल्या बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसेल. आमच्या सोसायटीत तर वायफायचं श्रेय मला मिळतं, आणि मी ते निमूट घेतो.

विचारणाऱ्याला मी आता एवढंच सांगतो: ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे तोच घ्या. जुन्या एआर 9271 ला तोड नाही, तिचं फर्मवेअरसुद्धा खुलं आहे. पण ती फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालते आणि वेग कागदावर 150 मेगाबिट. घरात फायबरचं कनेक्शन घेतलेल्या चिरंजीवांना हे सांगितलं की ते दयेने बघतात. त्यांच्यासाठी मीडियाटेकची एमटी 7612 यू. 5 गिगाहर्ट्झही येतं आणि 2018 पासून ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. दुकानात ती मागितली की मात्र पुन्हा "चांगली आहे"पासून सुरुवात.

अलीकडे आणखी एक झालं. रिअलटेकच्या ज्या 8812 एयू चिपेने इतकी वर्षं लोकांना रडवलं, तिचाही ड्रायव्हर 2025 मध्ये कर्नलमध्ये आला. बातमी कळताच मी खणातले निकालात काढलेले अडॅप्टर बाहेर काढले, पुसले आणि ओळीने मांडले. मिंटसोबत आलेलं माझं कर्नल नेमकं त्याहून जुनं निघालं. ते बदलायचं तर नेट हवं. मोबाइलची वायर शोधतो आहे. जी सापडते ती फक्त चार्जिंगची.