पावर हाउस परिसरातील बालकांस नाताळाची ओळख करून देण्याची पद्धती

दुर्ग आणि रायपूर यांच्या दरम्यान असलेल्या भिलाई पावर हाउस या रेल्वे स्थानकाभोवतीच्या वस्तीत राहून तीन ते सात वर्षांच्या बालकांस नाताळ समजावून सांगू इच्छिणाऱ्या मराठी पालकाने प्रथम धुराड्याचा प्रश्न निकालात काढावा. सांता क्लॉज, म्हणजे चौथ्या शतकातील मायरा नगरीचा बिशप निकोलस याच्यापासून बदलत बदलत आजच्या रूपास आलेला, रात्री भेटवस्तू पोचवणारा वृद्ध, हा धुराड्यातून घरात उतरतो असे चित्रांच्या पुस्तकांत दाखवलेले असते. परंतु येथील घरांना धुराडे नसते आणि डोळ्यांसमोर जी धुराडी असतात ती पोलाद प्रकल्पाची असल्यामुळे, तो थेट भट्टीत पडेल, ही बालकाची भीती तर्कदृष्ट्या निर्दोष ठरते. खिडकीचा पर्याय सुचवल्यास मच्छरजाळी आडवी येते. दाराने येतो म्हणावे, तर कुलूप कोणी उघडले हे विचारले जाते. मात्र तो रात्रीच का येतो, याचे उत्तर या गावात फार सोपे आहे: त्याची नाइट शिफ्ट असते. झोतभट्टी, म्हणजे खनिजापासून लोखंड वितळवून काढणारी उंच भट्टी, रोज संध्याकाळी विझवता येत नाही. येथील पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली, तेव्हापासून रात्रपाळी करून दिवसा झोपणारा माणूस घरात किंवा शेजारी असणे यात येथील मुलांना नवल वाटत नाही. गेटपासविषयी पुढचा प्रश्न आल्यास मौन पाळावे.

झाडावरील हिमासाठी कापूस लागतो. तो देवघरातील वातींच्या डब्यातून आजीच्या परवानगीवाचून काढू नये. काढल्यास पुढील सर्व विधी स्थगित होतात.

गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा मातीचा किंवा पुठ्ठ्याचा देखावा, हे या विषयाचे सर्वांत समृद्ध अंग होय. असा देखावा मांडण्याच्या प्रथेचे श्रेय संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे केलेल्या मांडणीस दिले जाते, आणि दिवाळीत किल्ला करणाऱ्या मराठी बालकास हे काम शिकवावे लागत नाही. उलट त्यास आवरावे लागते. दिवाळीचा किल्ला मोडला नसेल, तर त्याच्या पायथ्याशी गोठा उभारला जातो, मेंढपाळ कमी पडल्यास भाल्यासह मावळे उभे केले जातात, आणि पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांना महादरवाजावर अडवून त्यांची कसून चौकशी होते. सिंहासनावरील महाराजांना कोणत्याही सबबीवर हलवू नये. मरियेला धर्मशाळेत जागा मिळाली नाही हे सांगताना पालकाने सावध असावे, कारण रायगडाचे दरवाजे मिटल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका ज्याने ऐकली आहे, ते मूल धर्मशाळेच्या मालकाला क्षमा करीत नाही. त्याला समजावण्याच्या फंदात पडू नये. त्याचे म्हणणे बरोबर आहे.

फराळाबाबत फारशी अडचण नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळाला होणारी नेवरी करंजीच्या इतकी जवळची आहे की दिवाळीचा साचा पुन्हा बाहेर काढला की भागते. केकमधील अंड्याचा प्रश्न मात्र पंचांग पाहून सोडवावा: २००८ साली २५ डिसेंबर हा मार्गशीर्षातील गुरुवार होता, आणि महालक्ष्मीचे व्रत असलेल्या घरात त्या दिवशी अंड्याचा केक आणणे म्हणजे पुढच्या नाताळावर पाणी सोडणेच.

सर्वांत अवघड भाग सुरुवातीला नव्हे, शेवटी येतो. भिलाईचा प्रकल्प सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभा राहिला, आणि त्या देशात सजवलेल्या झाडावर आलेली बंदी १९३५ साली उठली ती नाताळासाठी नव्हे, नववर्षासाठी. तेथील पांढऱ्या दाढीचा हिमआजोबा, देद मोरोज, आपल्या नातीसह ३१ डिसेंबरच्या रात्री येतो. ही माहिती मुलांपासून लपवून ठेवावी. ती कळल्यास, गावाचा इतिहास पाहता आपल्याकडे दोघांनीही यायला हवे, असा युक्तिवाद २६ डिसेंबरच्या सकाळी मांडला जातो, आणि त्यास उत्तर देण्याऐवजी बाजार उघडण्याच्या वेळेस पावर हाउसकडे निघणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.