शिष्यवृत्तीची आई

मुलगा शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार असला की काही घरांत जेवणाच्या ताटाशी परीक्षा सुरू होते. "कमळाचे पाच सांग, मगच पुढचा घास." पंकज, सरोज, नलिनी, पद्म, अंबुज असं करत पोरगं कसंबसं ताकभातापर्यंत पोचतं. पाण्याची पाळी आली की आईच्या अंगात येतं, कारण तिथे तिची गुरुकिल्ली आहे: पाण्याच्या शब्दाला 'ज' लावला की कमळ, 'द' लावला की ढग, 'धी' लावला की समुद्र. हे सूत्र फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं आहे. दूध काढायला गेलेला नवराही आता ते पाठ म्हणतो.

शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे 25 प्रश्न, 50 गुण. सराव परीक्षेत 48 पडले, तर "एक गेला हो," हे ती कुणाच्या बारशातही सुतकी चेहऱ्याने सांगते.

ऱ्हस्व-दीर्घ हा तिचा खास प्रांत. लग्नपत्रिका हाती आली की वधूवरांच्या नावांआधी ती 'आशिर्वाद' शोधते आणि लाल पेनाने शी दीर्घ करूनच तारीख बघते. एकदा हॉटेलच्या पाटीवर 'उपहारगृह' दिसलं, तर गल्ल्यावरच्या मालकाला म्हणाली, "भेटवस्तू दाखवा." बिचाऱ्याने मेनूकार्ड पुढे केलं. साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने 1962 साली स्वीकारले खरे, पण आमच्या सोसायटीत ते लागू झाले हिच्यामुळेच. नोटीस बोर्डावर हल्ली सेक्रेटरी इंग्रजीतच लिहितात.

एरवी मात्र हीच बाई, "बेटा, फास्ट फास्ट फिनिश कर, मग टीव्ही ऑन कर," म्हणते. पाहुण्यांचे कप कपाटात ठेवतात, तसे अंबुज आणि सरोज पेपरासाठी राखून ठेवलेले.

मुलगा आता चांगलाच तयार झालाय. चार पर्यायांतल्या शुद्ध शब्दाचं वर्तुळ तो बघताबघता काळं करतो. परवा आजीने फोनवर हट्ट धरला, नातवाच्या हातचं पत्र हवं. कोरा कागद पुढे आला. आईने सांगितलं, "लिही, तीर्थरूप आजीस." पोरगं पहिल्याच शब्दाशी अडलं. पेन चावत बराच वेळ बसलं आणि म्हणालं, "आई, पर्याय?"

तिने न अडखळता चार सांगितले. तिसरा बरोबर होता.