अकलंकित

माझ्या लॅपटॉपवर विंडोज नाही. चातुर्मास पाळणारा माणूस पानावर बसता बसता 'मला कांदा-लसूण चालत नाही हं' असं सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा बेताने सांगतो, तसं हे वाक्य मी गेली अठरा वर्षं सांगत आलोय. लग्नात सांगितलंय, एसटीत सांगितलंय, दाताच्या डॉक्टरांपुढे तोंडात कापूस असतानाही सांगितलंय. (त्यांना ते 'दुखतंय' असं ऐकू आलं.)

त्यामुळे आईने ताईच्या लग्नाची, २००४ सालची व्हीसीडी रुमालातून सोडवून 'एवढी लावून दे' म्हटलं, तेव्हा मी सत्काराला बोलावल्यासारखा उठलो. लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्ह आता असतोच कुठे? भाच्याकडचा चपटा, यूएसबीवर चालणारा आणला. सीडी आत गेली. घुर्र झालं, 'टक्' झालं, परत घुर्र, परत 'टक्', आणि दिवा गेला. पडद्यावरचं सगळं जिथल्या तिथे थिजलं.

'ड्रायव्हर क्रॅश झालाय,' मी जाहीर केलं. यावर तुम्हाला जो विनोद सुचला तो आमच्या घरात चौघांनी केला, पाचव्यांदा शेजारच्या काकांनी.

आई म्हणाली, 'वायर नीट बसलीये का बघ ना.'

मी हसलो. ते हसू आठवलं की अजून कान तापतात. 'आई, अगं, हा वायरचा प्रश्न नाही. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, प्रश्न आहे.' आणि टर्मिनल उघडलं. माझं टर्मिनल काळंकुट्ट असतं, अक्षरं हिरवी. ती मुळात तशी नसतात. मी करून घेतली आहेत. एकटा असलो की मी चक्क माउस वापरतो.

लॉग सांगत होता, एसआर-झीरो (लिनक्स सीडी ड्राइव्हला हे नाव देतो) ऑफलाइन गेलाय, सबब त्याच्याकडचं वाचन नाकारण्यात येत आहे. थोड्या ओळींनी तोच ड्राइव्ह एसआर-वन म्हणून हजर. रुसून गेलेला पाहुणा नाव बदलून मागच्या दाराने यावा तसा. व्हिडिओ प्लेयर बिचारा अजून झीरोचीच वाट बघत बसलेला. त्याला मारायला गेलो तर मरेना. 'किल मायनस नाइन' हे आमच्यातलं ब्रह्मास्त्र, पण हार्डवेअरच्या उत्तराची वाट बघत 'डी' अवस्थेत गेलेल्या प्रोसेसला तेही लागत नाही. समाधी लागलेल्याला सुरा दाखवून काय उपयोग?

ड्रायव्हरवर संशय घ्यायला इतिहासाचा आधार होता, तोही मी आईला ऐकवला. २००३ साली मँड्रेक लिनक्सच्या ९.२ आवृत्तीने एलजीचे काही सीडी-रॉम ड्राइव्ह निकामी केले होते. कर्नल म्हणत होता 'कॅशे रिकामा कर', ड्राइव्हला ऐकू येत होतं 'नवं फर्मवेअर भरून घे', आणि तो स्वतःची अक्कल पुसून बसत होता.

'तुझी आत्या तशीच,' आई म्हणाली. 'आवर म्हटलं की ती तयार होऊन माहेरी निघायची.'

आता लॉगविषयी थोडं. (थोडं म्हणतोय खरा.) कर्नल कोलमडताना जो मजकूर छापतो, त्याच्या माथ्यावर पुष्कळदा तुटक रेघ असते आणि मधोमध 'येथे कापा'. वर्तमानपत्रातल्या कूपनसारखं! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कापून पाठवलं की स्टीलचा डबा मिळणार. प्रिंटर बिघाड कळवतोय, पण कागद संपलेला नाही, ऑफलाइनही नाही, अशा वेळी जुना प्रिंटर ड्रायव्हर शांतपणे लिहितो, 'एलपी-झीरो पेटला आहे.' उरलं काय दुसरं? हार्डवेअरकडून भलताच इशारा आला तर कर्नल सरळ कबूल करतो की आपण भांबावलोय, पण पुढे चालायचा प्रयत्न करतोय. माझ्या पन्नाशीचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलेलं नाही.

आणि या सगळ्यात माझे लाडके शब्द, 'नॉट टेंटेड'. सोर्स न दाखवणारा खासगी मालकीचा ड्रायव्हर तुम्ही लोड केला असेल, तर कर्नल अपघाताच्या पंचनाम्यात 'टेंटेड', म्हणजे कलंकित, असा शेरा मारतो. तसलं काही केलं नसेल तर 'नॉट टेंटेड'. यंत्र कोसळलंय, काम बुडालंय, पण चारित्र्य धुतल्या तांदळासारखं! केवळ या दोन शब्दांसाठी मी वर्षभर थरथरणारा स्क्रीन सोसलाय. चातुर्मास म्हणालो ना मघाशी.

तर, तीन रात्री मी एसआर-मॉड हे मॉड्यूल काढलं, घातलं. जुना कर्नल लावला, नवा लावला. तिसऱ्या रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठलो आणि वायर पायात आली. वायरला दोन तोंडं होती. एक लॅपटॉपमध्ये, दुसरं टेबलाखाली लोंबत. ते मी पहिल्याच दिवशी जास्तीचं समजून बाजूला सारलं होतं. यूएसबी २.० चा एक पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो. सीडी वेग घेताना मोटरला याहून जास्त लागतं, म्हणून दुसरं तोंड नुसतं वीज प्यायला दिलेलं असतं. लावलं. 'टक्' थांबलं. लॉगमध्ये 'यूएसबी डिस्कनेक्ट' अशी ओळ तीन दिवस होतीच, पण ती माझ्या मानाने फार सोपी होती.

साक्षीदार कुणी नव्हता. सकाळी 'ड्रायव्हरमध्ये घोळ होता, काढला' असं सांगून टाकलं.

पुढची अडचण मात्र खरी होती, नोंद घ्यावी. व्हीसीडीतली फाइल साधी कॉपी करायला गेलं की धडधाकट सीडीवरही लिनक्स वाचनदोष दाखवतो. सीडीच्या २३५२ बाइटच्या सेक्टरमध्ये एरवी डेटा असतो २०४८. उरलेल्यातली बरीच जागा चुका दुरुस्त करायला राखलेली. व्हीसीडीवाले त्या जागेतही चित्र भरून २३२४ पर्यंत जातात. मग ओरखडा सांधायला मागे फारसं काही उरत नाही. वेगळा प्रोग्रॅम लावून चित्र उतरवलं.

३५२ बाय २८८ ठिपक्यांत ताईचं लग्न. मंगलाष्टकं, हार, भावजींचा घाम, सगळं आईने पुढे ढकलायला लावलं. पंगतीपाशी थांब म्हणाली. अण्णा जिलबीचं ताट घेऊन येतात, फेटा कानावर उतरलेला. कॅमेऱ्याला म्हणतात, 'माझं काय काढता, पंगतीचं काढा.' आणि नेमका तिथेच ओरखडा. चेहऱ्याचे चौकोन होतात, आवाज 'पंग, पंग' असा अडकतो, मग ते परत दिसतात, पाठमोरे, वाढत निघालेले. अकरा सेकंद. अण्णांचं चालतंबोलतं घरात एवढंच आहे. त्यांचा फोन मीच एक्स्चेंजमध्ये दिला होता. बॅकअप घ्यायचा राहिला. गावभर बॅकअपवर व्याख्यानं देत हिंडणारा मी.

आईने ते पाचदा पाहिलं. मग उठली, सीडी रुमालात बांधली, ड्राइव्हची वायर गुंडाळली आणि दोन्ही तोंडं एकत्र धरून त्यांना भाजीच्या जुडीचं रबर लावलं.

'परत देताना त्याला सांग,' ती म्हणाली, 'दोन्ही लावायची असतात म्हणून. विसरतात एकेक.'