महबूबगंजला सोडता का?

बीडच्या बसस्थानकाबाहेर परवा एका रिक्षावाल्याला विचारलं, "महबूबगंजला सोडता का?" त्याचं तंबाखू मळणं थांबलं. "ते हैदराबादला असंल, मामा. आपल्याकडं नाही." हिरालाल चौक म्हटल्यावर चेहरा खुलला. "मंग आसं मराठीत सांगा की!"

त्याचं काही चुकलं नाही; महबूबगंज हे या चौकाचं जुनं नाव. 1883 साली बीड जिल्हा झाला, तेव्हा गादीवर होते सहावे निजाम मीर महबूब अली खान. जिल्ह्याचे पहिले अव्वल तालुकदार, म्हणजे आपले कलेक्टर, जिवनजी रतनजी. त्यांनी बिंदुसरा नदीच्या पूर्व काठावर बाजारपेठ वसवली आणि तिला धन्याचं नाव दिलं. वरच्याला खूश ठेवायची विद्या आपण आत्ताच शिकलो, असं कुणी समजू नये. फरक इतकाच, की जिवनजींनी आधी बाजार वसवला, मग नाव दिलं. आता नाव आधी येतं, त्यामागून फ्लेक्स, त्यावर वाढदिवस. बाजाराचं तेवढं राहून जातं.

गंज म्हटलं की माल उतरायला, बैल सोडायला, जू टेकवायला ऐसपैस जागा आलीच. आज त्याच चौकात स्कूटर स्टँडवर लावायची तर आधी कुणाचा तरी पाय हलवावा लागतो. जागा काही एका रात्रीत गेली नाही. आधी दुकानाची पायरी पुढं आली. पायरीला ऊन लागतं म्हणून वर पत्रा आला, पत्र्याखाली थंड पेयांचा फ्रीज. फ्रीजपुढं गिऱ्हाईक उभं राहणारच! उरला तो रस्ता, त्यावर केळीचा गाडा.

शेजारच्या बिंदुसरेचीही अशीच पायरी-पायरीनं कोंडी झाली. 1989 साली ती पुरानं गावात शिरली. माणसं गेली, संसार वाहून गेले. आपली हद्द कुठवर आहे, ते तिनं मोजणीदाराला न बोलावता दाखवलं. पाणी ओसरलं, चिखल वाळला, आणि आपण पुन्हा फूटभर पुढं सरकलो. तिच्याकडं सातबारा नाही ना!

रिक्षा थांबली. "उतरा मामा, आला चौक."

"कुठाय?"

"ह्यो काय, फ्लेक्सच्या मागं पाटी हाये बघा."