बारा पस्तीसचा मुहूर्त : उन्हाळी आरोग्याचे परभणीपुरते मार्गदर्शन

उन्हाळ्यात घराबाहेर राहून शरीर निरोगी व चपळ कसे ठेवावे यासंबंधीचे प्रचलित उपदेश दुपारी बारा ते तीन या वेळेत बाहेर पडू नये या एका सूचनेवर उभे असल्यामुळे परभणी जिल्ह्यात ते लागू पडत नाहीत. कारण जिल्ह्यातील सर्वांत मोठा मैदानी व्यायामप्रकार, म्हणजे मे महिन्यातील लग्न, नेमका त्याच वेळेत उरकला जातो. पत्रिकेवर छापलेली बारा वाजून पस्तीस मिनिटांची वेळ ही अक्षता पडण्याची नसून वऱ्हाडी मंडळींनी उन्हात ताटकळण्यास प्रारंभ करण्याची आहे, असे समजून पाण्याचा बेत आखावा. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही उक्ती येथे अभिमानाने उच्चारली जाते. जर्मनीत मात्र मे महिन्याचे ऊन अंगावर घेण्यास लोक मुद्दाम बाहेर पडतात, एवढा तपशील त्या उक्तीत राहून गेला आहे.

प्रथम 'तापमान' ही संज्ञा स्पष्ट करणे इष्ट होय. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशा बेताने ठेवलेला असतो. त्यामुळे परभणीचा पारा 44 अंशांवर गेल्याचे जेव्हा छापून येते, तेव्हा तो आकडा त्या पेटीतील सावलीचा असतो, फेटा, शेरवानी आणि नोटांचा हार घालून घोड्यावर बसलेल्या नवरदेवाचा नसतो. मैदानी प्रदेशात पारा 45 अंशांना टेकला की सरासरी न पाहता उष्णतेची लाट मानली जाते. डीजेच्या जनरेटरमागे चालणाऱ्यांसाठी निराळा निकष अद्याप ठरलेला नाही.

व्यायामाचा मुख्य भाग म्हणजे परण्या, अर्थात लग्नापूर्वी नवरदेवास मारुतीच्या देवळापर्यंत वाजतगाजत नेण्याचा विधी. देऊळ दोनशे पावलांवर असले तरी नवरदेवाचे मित्र ते अंतर दीड तासापेक्षा कमी वेळात कापू देत नाहीत. या काळात शरीर थंड राहते ते केवळ घामाच्या बाष्पीभवनामुळे, कारण एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. परंतु मराठवाड्यातील मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो, आणि नाचणारा 'घामच आला नाही' अशी फुशारकी मारत असताना आतून कोरडा पडत जातो. (याच कोरडेपणामुळे मांडवातील कूलर मे महिन्यात काम करतो आणि जूनमध्ये नुसता आवाज करतो.)

उपाययोजनेत टॉवेल-टोपीच्या आहेरास अग्रस्थान द्यावे. घरी नेऊन पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यासाठी तो टॉवेल जपून ठेवण्याची रूढी असली, तरी जारच्या पाण्यात भिजवून मानेवर टाकणे हा त्याचा एकमेव शास्त्रीय उपयोग होय. पंगतीतला मठ्ठा मीठ व पाणी दोन्ही पुरवतो, म्हणून बुंदीपेक्षा त्याचाच आग्रह करावा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून केलेले पाणीही चालते, चमचा मात्र चहाचा असावा. खिशात कांदा बाळगल्याने ऊन लागत नाही या समजास आधार नाही, तथापि भाकरीसोबत त्याचा शेवट गोड होतो.

डोके दुखणे, पायांत गोळे येणे, मळमळणे ही लक्षणे दिसताच माणसास सावलीत न्यावे. अंग तापून माणूस असंबद्ध बरळू लागल्यास तो उष्माघात समजावा, मानपान चुकल्याने रुसलेल्या मामांचे नेहमीचे बोलणे समजून दुर्लक्ष करू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, ओल्या कापडाने अंग पुसून वारा घालावा आणि शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही ओतू नये.

या विषयातील खरे जाणकार मांडवात सहसा आढळत नाहीत. काळ्या रानात राबणाऱ्या बाया दिवस उगवण्याच्या सुमारास कामाला लागतात आणि दहा-अकरापर्यंत लिंबाखाली येतात. त्यांना मार्गदर्शनाची गरज नाही, उरलेल्या कामाची मजुरी मिळण्याची आहे. जाणकार असूनही ज्यास सावली निवडता येत नाही असा एकच घटक परण्यात असतो, तो म्हणजे लाल मखमली कोट गळ्यापर्यंत बंद करून सनई-क्लॅरिनेट फुंकणारा बँडवाला. नवरदेव देवळात शिरल्यावर तो भिंतीच्या वीतभर सावलीला टेकतो, कोटाची बटणे सोडतो, आणि पाठीवरच्या मखमलीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले दिसतात. संध्याकाळची दुसरी सुपारी असल्यास तो कोट तसाच कुंपणावर टाकावा. वाळण्यास फार वेळ लागत नाही.